रेड वाइन झेपत नाही म्हणता? मग बोजोलेपासून सुरुवात करा

आपल्याकडे बहुतेकांची रेड वाइनशी पहिली भेट होते ती नाशिकच्या शिराझ नाहीतर कॅबर्नेशी, तीही कुणाच्या तरी पार्टीत, एप्रिल-मे महिन्यात, कोमट झालेल्या बाटलीतून, आणि सोबत शेजवान चटणी लावलेलं काहीतरी. तोंड वाकडं होतं आणि "रेड आपल्याला झेपत नाही बुवा" असा शिक्का बसतो तो बसतोच. माझं म्हणणं असं की यातल्या निम्म्याअधिक लोकांचं रेड वाइनशी काही भांडण नसतं, त्यांचं भांडण टॅनिनशी आणि तापमानाशी असतं. टॅनिन म्हणजे कोरा चहा जास्त उकळला की जीभ आणि हिरड्या कशा सुकल्यासारख्या होतात, ते. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि देठांतून वाइनमध्ये उतरतं. ज्यांना ते नको वाटतं त्यांच्यासाठी फ्रान्समध्ये एक अख्खा प्रदेश आहे, बोजोले.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. बाटली निवडण्यापासून ताटात काय वाढायचं इथपर्यंत सगळं क्रमाने सांगतो. ज्यांच्याकडे घरी वाइनचा फ्रिज आहे त्यांनी सरळ जेवणाच्या भागाकडे जावं.

आधी थोडी ओळख

बोजोले म्हणजे लियों शहराच्या उत्तरेला, वर माकोंपर्यंत गेलेल्या टेकड्यांचा पट्टा, पूर्वेच्या अंगाला सोन नदी. त्याच्या वर बर्गंडी हा वाइनचाच नावाजलेला प्रदेश लागतो आणि वाइनच्या पुस्तकांत बोजोलेला बऱ्याचदा बर्गंडीच्याच प्रकरणात शेवटी कोंबतात, पण द्राक्ष वेगळं, माती वेगळी आणि स्वभाव तर फारच वेगळा. बर्गंडीची रेड पिनो नुआरची, इथली गामेची. या गामेचा इतिहास मजेशीर आहे, १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने फर्मान काढलं की हे बेइमान झाड माझ्या मुलखातून उपटून टाका, कारण पीक दणकून येतं पण त्याच्या मते वाइन हलकी होते आणि पिनोचं नाव खराब होतं. बर्गंडीच्या चुनखडीच्या उतारांवर गामेचं खरंच फारसं जमत नाही. खाली दक्षिणेला बोजोलेच्या उत्तर भागात मात्र गुलाबीसर ग्रॅनाइटची निकस, वाळूसारखी सुटी माती आहे, तिथे भरमसाट पीक येणाऱ्या या द्राक्षाला आपोआप लगाम बसतो आणि चव एकवटते.

दुसरी गोष्ट वाइन करायची पद्धत. एरवी रेड वाइनसाठी द्राक्षं देठांवरून काढतात, चिरडतात आणि सालींसकट आंबवतात. बोजोलेत परंपरेने घड हातानेच तोडतात आणि अख्खेच्या अख्खे टाकीत भरतात. तळातली द्राक्षं वरच्यांच्या वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो, त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने टाकी भरून जाते आणि वरची न फुटलेली द्राक्षं त्या वायूत बसल्या बसल्या सालीच्या आतच थोडीशी आंबतात. परिणाम काय, तर रंग आणि फळांचा वास भरपूर, टॅनिन कमी. साधी बोजोले अशी ४ ते ६ दिवस टाकीत राहते, चांगल्या गावच्या वाइनला दोन-तीन आठवडेही ठेवतात. काही उत्पादक आता बर्गंडीसारखी देठं काढूनही वाइन करतात, ती जरा जास्त घट्ट लागते.

पायरी १: लेबल वाचायला शिका

इथे बहुतेक नवखे अडकतात, कारण सगळ्यात चांगल्या बोजोलेच्या लेबलवर बोजोले हा शब्दच बऱ्याचदा नसतो.

तीन थर आहेत. सगळ्यात खाली नुसती बोजोले, ही जास्त करून दक्षिणेकडच्या चिकणमाती आणि चुनखडीच्या जमिनीतली, तिथली गावं पिवळ्या दगडांच्या घरांसाठी प्रसिद्ध आहेत. मधे बोजोले-व्हिलाज, ही उत्तरेकडच्या ठरावीक गावांतली. आणि वर दहा क्रू. क्रू म्हणजे ज्या जागेला स्वतःच्या नावावर वाइन विकायचा हक्क आहे ती. उत्तरेकडून खाली यायचं तर सँतामूर, जुलिएना, शेना, मूलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मॉर्गों, रेन्ये, कोत द ब्रुई आणि ब्रुई. रेन्ये सगळ्यात शेवटी, १९८८ मध्ये सामील झालं. लेबलवर मोठ्या अक्षरात फक्त क्रूचं नाव, खाली उत्पादकाचं, आणि सुगीचं साल. दुकानात उभं राहून "बोजोले कुठे आहे" असं शोधत बसलात तर नेमकी चांगली बाटली नजरेसमोरून निसटेल, म्हणून ही दहा नावं फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

दहाही पाठ करायची काही गरज नाही. चार पुरेत.

फ्लरी ही फुलांच्या वासाची, मऊसूत, पहिल्यांदा रेड पिणाऱ्याला हमखास आवडणारी, फक्त नाव गोड असल्यामुळे किंमतही जरा चढी असते. ब्रुई सगळ्यात मोठं क्रू, त्यामुळे सहज मिळतं, पण मोठं म्हणजे दर्जाही वरखाली, उत्पादक कोण आहे ते बघून घ्या. मॉर्गों भारदस्त, गडद चेरीचा स्वाद, खाली एक दगडी खनिजासारखी चव. तिथली कोत द्यू पी नावाची टेकडी प्रसिद्ध आहे आणि लेबलवर ते नाव दिसलं तर बाटली जरा गंभीर असणार हे समजायचं. मूलँ-आ-व्हाँ सगळ्यात दमदार, हे नाव कुठल्या गावाचं नाही, तिथे द्राक्षमळ्यात एक जुनी पवनचक्की आहे तिच्यावरून पडलेलं. ही चांगल्या सालाची असेल तर दहा वर्षंसुद्धा टिकते आणि मुरल्यावर चक्क पिनो नुआरसारखी वागायला लागते, म्हणजे ड्यूकसाहेबांची जिरली म्हणायची.

पायरी २: कुठली घ्यायची, कुठून घ्यायची

पहिली बाटली बोजोले-व्हिलाज किंवा फ्लरी. दुसरी मॉर्गों. या दोन लागोपाठच्या आठवड्यांत प्यायलात तर एकाच द्राक्षाचे दोन स्वभाव कसे असतात ते डोक्यात पक्कं बसतं, दहा लेख वाचून बसत नाही.

सालाचं फार टेन्शन घेऊ नका पण एवढं बघा, २०१५, २०१८, २०२० ही गरम वर्षं होती, वाइन पिकलेल्या फळांची, अल्कोहोल १४ टक्क्यांपर्यंत किंवा वर. २०२१ थंड आणि दंवाने झोडपलेलं साल, तेव्हाची वाइन हलकी, आंबटसर, जुन्या पद्धतीची. मला व्यक्तिशः थंड सालातली जास्त आवडते, विशेषतः आपल्या जेवणाबरोबर, कारण अल्कोहोल कमी असेल तर तिखट कमी चढतं. त्याबद्दल पुढे सांगतो. म्हणून बाटलीच्या मागे १२.५ किंवा १३ टक्के दिसलं तर ती आधी उचला.

उत्पादकांत मोठं नाव जॉर्ज द्युबफ, २०२० मध्ये वारले, फुलांची चित्रं असलेली त्यांची लेबलं जगभर दिसतात आणि नवख्याला त्यात वाईट काही नाही. त्याच्या पलीकडे जायचं असेल तर मॉर्गोंमधली मंडळी आहेत, मार्सेल लापिएर, जाँ फोयार, गी ब्रतों, जाँ-पोल तेव्हने. ज्यूल शोव्हे नावाचे बोजोलेतलेच एक वाइनतज्ज्ञ आणि रसायनशास्त्र जाणणारे गृहस्थ होते, त्यांच्या सांगण्यावरून या लोकांनी १९८० च्या दशकात मळ्यात रासायनिक औषधं बंद केली, टाकीत बाहेरचं यीस्ट घालणं सोडलं, सल्फर अगदी कमी केलं. आज मुंबईच्या बारमध्येसुद्धा नॅचरल वाइन म्हणून जे ऐकू येतं त्याची बरीच मुळं या एका गावात आहेत. लापिएर २०१० मध्ये गेले, आता मुलं चालवतात. या वाइन सुंदर असतात पण नाजूक असतात, उन्हात पडून राहिलेल्या गोदामातून आलेली अशी बाटली घेण्यापेक्षा न घेतलेली बरी.

आणि हाच मुद्दा महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. आयात कर, त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, यामुळे फ्रान्समध्ये जी रोजच्या जेवणाची वाइन आहे ती इथे वाढदिवसाची होऊन बसते. दुकानात गेलात तर बाटली उभी ठेवलीये का आडवी, काचेतून ऊन येतंय का, एसी रात्री बंद करतात का, हे बघा, विचारा, लाजू नका. बुचाच्या वरचं आवरण चिकट असेल किंवा बूच वर आलेलं असेल तर वाइन तापलेली आहे, सोडून द्या. त्यापेक्षा कुणी युरोपातून येत असेल तर त्याला सांगा. भारतात येताना माणशी २ लिटरपर्यंत दारू कर न भरता आणता येते, म्हणजे ७५ सेंटिलिटरच्या दोन बाटल्या आरामात. चेक-इन बॅगेत, जीन्समध्ये गुंडाळून, मधोमध. लंडन-फ्रँकफर्ट-न्यू जर्सीवाल्यांना हा त्रासच नाही, तिथे चांगल्या दुकानात क्रू बोजोले सहज मिळते आणि शेजारच्या बर्गंडीपेक्षा खिशाला खूपच हलकी.

पायरी ३: गार करा. खरंच करा.

रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ती रूम युरोपातली, जुन्या दगडी घरातली, सेंट्रल हीटिंग यायच्या आधीची, म्हणजे १६-१८ डिग्री. ठाण्यातल्या हॉलमध्ये ऑक्टोबरात ३२ असतं. त्या तापमानाला कुठल्याही रेडमधलं अल्कोहोल नाकात घुसतं आणि फळाची चव मुरांब्यासारखी बसकी लागते. एका बऱ्यापैकी महागड्या रेस्टॉरंटात मी गार करून द्या म्हटलं तर वेटरने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी वाइनमध्ये सोडा मागितला. तुम्ही मागाच. बोजोलेसाठी १२ ते १४ डिग्री, मॉर्गों आणि मूलँ-आ-व्हाँसाठी १५ पर्यंत चालेल.

घरी थर्मामीटर घेऊन बसायची गरज नाही. बाटली फ्रिजमध्ये दुपारीच टाका, जेवायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढा, आपल्या हवेत तेवढ्यात ती बरोबर येते. विसरलात तर बादलीत अर्धं पाणी अर्धा बर्फ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, नुसत्या बर्फात ठेवण्यापेक्षा पाणी घातलं की लवकर गार होते. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, विसरलात तर फुटेल. आणि ग्लासात बर्फाचे खडे टाकू नका, पातळ होते हो, एवढे पैसे घालून.

पायरी ४: ओता, बघा, वास घ्या, मग प्या

ग्लास मधल्या आकाराचा, खाली पोट आणि वर जरा निमुळता असला की झालं. एक तृतीयांशच भरा, म्हणजे फिरवायला जागा राहते. डिकँटर म्हणजे वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं वगैरे लागत नाही, कोवळी मॉर्गों असेल तर अर्धा तास आधी उघडून ठेवा बास.

आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग बघा. गामेचा रंग माणकासारखा लाल, कडेला जांभळट झाक, आणि पलीकडची अक्षरं दिसतील इतका पारदर्शक. नाशिकची शिराझ याच्याशेजारी ठेवली तर शाईसारखी दिसेल. मग ग्लास फिरवा आणि नाक आत घाला. पुस्तकांत रासबेरी, व्हायोलेट, पिओनी असं लिहिलेलं असतं, आपल्यातल्या बहुतेकांनी पिओनीचं फूल कधी हुंगलेलं नसतं, त्यामुळे त्यावर अडून बसू नका. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि तुती आठवा, पिकलेली चेरी, मधेच गुलाबाची पाकळी, मॉर्गोंमध्ये थोडी मिरी आणि ओल्या दगडाचा वास. स्वस्त बोजोलेत केळ्याचा किंवा बबलगमचा वास आला तर दचकू नका, अख्ख्या घडांच्या आंबवण्यातून आणि वापरलेल्या यीस्टमधून तो येतो, कुणी इसेन्स टाकलेला नसतो. मला तो वास फार आवडत नाही, पण तो दोष नाही.

आता घोट घ्या आणि लगेच गिळू नका. तोंडात फिरवा आणि तीन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, जिभेच्या कडांना पाणी सुटतंय का? ती आम्लता, आणि गामेमध्ये ती भरपूर असते, तीच या वाइनची खरी ताकद. दोन, हिरड्या कोरड्या पडतायत का? पडल्या तर अगदी थोड्या, मूलँ-आ-व्हाँमध्ये जरा जास्त. तीन, गिळल्यावर चव किती वेळ राहते. साधी बोजोले पटकन जाते, चांगली फ्लरी बोलता बोलता तोंडात रेंगाळते. गोडवा शोधू नका, ही कोरडी वाइन आहे, फळाचा वास गोड असल्यामुळे मेंदू फसतो आणि "गोडसर आहे" असं वाटतं.

पायरी ५: आधी तिच्या घरचं जेवण समजून घ्या

बोजोलेचं घर लियों. ऱ्होन आणि सोन अशा दोन नद्या लियोंमधून वाहतात आणि तिसरी नदी बोजोलेची, असं तिथे गमतीने म्हणतात. शहरात बुशों नावाच्या छोट्या खानावळी आहेत, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, एकाला एक खेटून टेबलं, आणि वाइन येते ती पो नावाच्या बाटलीत. ४६ सेंटिलिटरची, तळाला जाडजूड काच, त्यामुळे दिसते त्यापेक्षा वजनदार लागते. दोघांना दुपारच्या जेवणाला बरोबर पुरते. पूर्वी रेशमाचे विणकर पहाटेपासून मागावर बसायचे आणि सकाळी नऊच्या सुमाराला माशों नावाची भरपेट न्याहारी करायचे, त्यात डुकराचं मांस, आतडी-कोथळ्याचे प्रकार आणि सोबत गार बोजोले. माशों अजूनही काही बुशोंमध्ये मिळतं.

हे सांगायचं कारण, या जेवणात काय आहे ते बघा. चरबी, मीठ, अंडं, व्हिनेगर. सोसिसों म्हणजे सुकवलेलं किंवा उकडलेलं डुकराचं सॉसेज. लियोंची कोशिंबीर, तिच्यात कडवट पानं, तळलेले बेकनचे तुकडे आणि वर अर्धवट शिजलेलं अंडं. ताब्लिए द सापर नावाचा पदार्थ तर सरळ वजडीचा, वाइनमध्ये मुरवून, पावाचा चुरा लावून तळलेला, त्यामुळे ज्यांच्या घरी वजडी होते त्यांना लियोंमध्ये बिचकायचं कारण नाही. शेजारच्या ब्रेसची कोंबडी फ्रान्समध्ये सगळ्यात नावाजलेली, ती क्रीममध्ये. हे सगळं जड खाणं आहे, आणि बोजोलेची आम्लता प्रत्येक घासानंतर जिभेवरचा तुपकट थर काढून टाकते, म्हणून माणूस पुढचा घास घेतो. 

शाकाहारींना वाटेल आपलं काम नाही, तर तसं नाही. मसुराच्या जातीच्या हिरव्या डाळीची कोशिंबीर, कांद्याचं चीज घातलेलं सूप, बटाटे आणि क्रीमचा ग्रातँ, आणि सेर्व्हेल द कॅन्यू. हा शेवटचा आपल्याकडे घरी दहा मिनिटांत होतो म्हणून सांगतो. पाव किलो ताजा चक्का घ्या, आंबट नको. एक लहान सांबारचा कांदा अगदी बारीक चिरून, लसणाची अर्धी पाकळी ठेचून, कांद्याची पात आणि पार्स्ली बारीक चिरून, चमचाभर ऑलिव्ह ऑइल, चमचाभर व्हिनेगर, मीठ, भरपूर ताजी मिरी. चमच्याने फेटा, तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि भाजलेल्या पावावर लावा. चक्का फार घट्ट असेल तर दोन चमचे साय. पार्स्ली नसेल तर नुसती कांद्याची पात चालते, कोथिंबीर घातली की चव भलतीकडे जाते. सोबत गार बोजोले-व्हिलाज, संध्याकाळच्या खाण्याचं काम झालं.

चीजमध्ये त्या भागातलं बकरीच्या दुधाचं चीज, मऊ सँ-मार्सलँ, किंवा कोंते. इथे न मिळाल्यास साधं गोट चीज. खूप खारट निळं चीज मात्र टाळा, ते या वाइनला गिळून टाकतं.

पायरी ६: आता आपलं ताट

इथे बरीच थापेबाजी चालते. "मसालेदार जेवणाबरोबर फ्रूटी रेड" असं एक वाक्य टाकून लोक मोकळे होतात. मसाला आणि तिखट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लवंग, दालचिनी, धणे, खसखस, सुकं खोबरं, यांचं गामेशी छान जमतं. मिरचीचं तसं नाही. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, टॅनिनही तिखट तोंडाला खरखरीत लागतं आणि फळाची चव हरवते. बोजोलेत टॅनिन कमी आणि ती गार, म्हणून इतर रेडपेक्षा बरी तरते एवढंच, जादू काही नाही.

त्यामुळे कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर ती उघडू नका, दोघांचंही वाटोळं होईल. त्याच जेवणातल्या पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र मस्त, नारळाचं दूध, काजू, खसखस, मटणाची चरबी, आणि त्यावर गार मॉर्गों. सुकं मटण काळ्या मसाल्याचं, मिरची हात राखून घातलेली, तर मूलँ-आ-व्हाँ. मालवणी कोंबडी-वड्यांत वाटणातलं खोबरं मदत करतं पण घरचा मालवणी मसाला किती झणझणीत आहे त्यावर सगळं अवलंबून. भरली वांगी हा माझा आवडता जोड, शेंगदाणा, तीळ, खोबरं, थोडा गूळ आणि तेलात मऊ झालेलं वांगं, फक्त गूळ नेहमीपेक्षा कमी घाला, कारण पदार्थ गोड झाला की कोरडी वाइन आंबट आणि चिरकी लागते. याच कारणाने श्रीखंड, पुरणपोळी, बासुंदी यांच्याजवळ ही बाटली नेऊ नका.

मसूर आमटीबद्दल लोकांना शंका येते पण लियोंमध्ये डाळ आणि बोजोले नेहमीचं, मग आपली मसूर, खोबऱ्याचं वाटण घातलेली, जरा घट्ट, का नाही? आमसुलं मात्र बेताने. पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाणचट वाटते, चिंचेच्या सारासोबत पिऊन बघा, लगेच कळेल.

मासे. रेड आणि मासे जमत नाहीत यामागे बऱ्याच अंशी वाइनमधलं लोह असतं, माशाच्या तेलाशी त्याची गाठ पडली की तोंडात धातूसारखी, शिळ्या माशासारखी चव येते. बांगडा, तारली, पेडवे असे तेलकट मासे असतील तर रिस्क घेऊ नका. रवा लावून तळलेली सुरमई, मिरची कमी आणि हळद-लसूण जास्त, हिच्याबरोबर गार फ्लरी चालते, पण खरं सांगायचं तर पांढरी वाइन असेल तर तीच काढा. गोव्याचं चोरिस-पाव हे मधलं प्रकरण आहे. डुकराची चरबी आणि व्हिनेगर बोजोलेच्या बाजूने, सुक्या मिरच्या विरुद्ध. पाव जास्त, चोरिस कमी आणि वाइन जरा जास्तच गार, मग जमतं.

बटाटेवडा, कोथिंबीर वडी, अळूवडी तळलेली, कांदाभजी, हे सगळं चालतं. तळण आणि मीठ आलं की आम्लतेला काम मिळतं. सुकी लसणाची चटणी बाजूला ठेवा, निदान पहिल्या ग्लासापुरती.

नूव्होचं काय?

नोव्हेंबरात बोजोले नूव्हो असं लिहिलेल्या रंगीबेरंगी बाटल्या येतात. ती त्याच सालच्या सुगीची वाइन, सप्टेंबरात तोडलेली आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर एकदम विक्रीला. नेहमीच्या तारखेच्या आधी नवी वाइन विकायची मुभा १९५१ मध्ये मिळाली, तिसरा गुरुवार १९८५ पासून ठरला. द्युबफ यांनी तिचा असा काही धूमधडाका केला की जपानपर्यंत विमानं भरून जायला लागली, आणि त्याच धूमधडाक्यामुळे लोकांना बोजोले म्हणजे एवढंच वाटायला लागलं. २००० नंतर मागणी घसरली, न खपलेली वाइन डिस्टिलेशनला गेली, दहा क्रूंचंही नाव त्यात खराब झालं. नूव्हो वाईट नाही, सुगीची मजा म्हणून एक ग्लास घ्यावा, पण तिच्यावरून प्रदेशाबद्दल मत बनवू नका. आणि नोव्हेंबरची नूव्हो एखाद्या दुकानदाराने पुढच्या गणपतीत डिस्काउंटमध्ये दिली तर घेऊ नका, ती काही महिन्यांत संपवायची वाइन आहे.

ठेवायची कशी

साधी बोजोले आणि व्हिलाज दोन-तीन वर्षांत संपवा. मॉर्गों, मूलँ-आ-व्हाँ, कोत द ब्रुई, जुलिएना चांगल्या उत्पादकाच्या असतील तर पाच ते दहा वर्षं, पण ते १२-१३ डिग्रीच्या तळघरात. विदर्भात किंवा पुण्यातल्या कपाटात एका उन्हाळ्यात वाइन म्हातारी होते. वाइनचा फ्रिज नसेल तर साठवू नका, आणली की प्या. फारच वाटलं तर एसी चालणाऱ्या खोलीत, पलंगाखाली, आडवी, आणि पुढचा मार्च यायच्या आत.

उघडलेली बाटली बूच लावून उभी फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी मॉर्गों कधी कधी पहिल्या दिवसापेक्षा छान लागते, तिसऱ्या दिवशी सगळ्याच उतरायला लागतात. उरलेली ओतून देऊ नका. कांदा लोण्यात परता, मश्रूम टाका, वाटीभर वाइन घालून निम्मी होईपर्यंत आटवा, मीठ-मिरी, आणि वर एक अंडं फोडून झाकण ठेवा. स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, आम्लतेने चव बिघडते.